रुपयाचा राप आणि सराफाचा उजळा

जुन्या रुप्याच्या नाण्याला दोन बाजार असतात. एका बाजारात ते तागडीत पडते, आणि तेथे त्याचे वजन किती, कस किती, भेसळ किती एवढाच हिशेब होऊन ते मोडीच्या भावाने विकले जाते. दुसऱ्या बाजारात ते भिंगाखाली येते, आणि तेथे ते कोणत्या टांकसाळीत पडले, कोणाच्या अमलात पडले, त्यावरील अक्षरे किती शाबूत आहेत, आणि ठशाखालून निघाले त्या दिवशी त्याच्या अंगावर जे होते त्यांतले आज काय उरले आहे, यांवरून त्याचे मोल ठरते. पहिल्या बाजारातून दुसऱ्या बाजारात नाणे नेण्यास ज्ञान लागते, धीर लागतो, आणि पुष्कळदा दैवाचीही अनुकूलता लागते; परंतु दुसऱ्यातून पहिल्यात ते लोटून देण्यास मूठभर राख, चिंचेचा कोळ आणि एक राठ कुंची एवढे साहित्य पुरते, आणि हे साहित्य दिवाळीच्या सुमारास घरोघर हाताशी असते. चांगल्या हेतूने आणि पदराला खार लावून माणसे आपल्याच ठेव्याची अशी हानी करून घेतात, याची मला मनापासून खंत वाटते.

या विषयावर माझ्या दोन वडीलधाऱ्या स्नेह्यांत जो वाद झाला तो येथे देत आहे. नानाशेट हे नाशिकच्या सराफ बाजारात वाडवडिलांची पेढी सांभाळणारे, कसोटीवरची रेघ पाहून चांदीतले तांबे सांगणारे गृहस्थ. रावसाहेब हे महसूल खात्यात मामलेदारी करून निवृत्त झालेले; दफ्तर, दाखले आणि पंचनामे यांत हयात गेल्यामुळे कोणत्याही जुन्या वस्तूकडे पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांना लाभली, आणि त्याच दृष्टीने त्यांनी नाण्यांचा व्यासंग केला. माझे मत रावसाहेबांकडे झुकते हे मी लपवीत नाही. तथापि नानाशेटांच्या काही प्रश्नांना उत्तर देताना त्यांनाही आपली भूमिका पुन्हा पारखून घ्यावी लागली.

नानाशेट : रावसाहेब, आधी मला एवढे सांगा, की टांकसाळीतून रुपया निघाला तेव्हा तो काळा होता की पांढरा? शुभ्र होता. मग त्याला मी त्याच्या मूळ रूपावर आणतो, यात माझा अपराध कोणता? कळकट चांदी गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये, असे आमच्या वडिलांनी शिकवले. त्यात अब्रूचा प्रश्न आहे तसा व्यवहाराचाही आहे. काळवंडलेल्या रुपयात तडा झाकला जातो, कधी काळी दागिन्यात ओवण्यासाठी लावलेल्या कडीचा टाका झाकला जातो, रुप्याचा मुलामा दिलेले खोटे नाणेही झाकले जाते. उजळल्यावाचून मी माणसाला ग्वाही कशी द्यावी?

रावसाहेब : ग्वाही देण्यासाठी नाणे पाहावे लागते, घासावे लागत नाही. वजन आहे, नाद आहे, कडेवरच्या रेघा आहेत, भिंग आहे. पण मुख्य मतभेद तुमच्या ‘मूळ रूप’ या शब्दांपाशी आहे. यंत्रावर रुपया पडतो तेव्हा दोन ठशांच्या दाबाखाली चांदी मध्यापासून कडेकडे सरकते, आणि सरकताना तिच्या पृष्ठावर अतिसूक्ष्म वळ्या उमटतात. नवे नाणे हातात धरून हळूहळू कलते केले म्हणजे प्रकाशाचा पट्टा चक्राच्या आऱ्यांसारखा फिरताना दिसतो, तो या वळ्यांमुळे. ते तेज टांकसाळीचे आहे, आणि जगातला कोणताही कारागीर ते पुन्हा उत्पन्न करू शकत नाही. चांदी हा मऊ धातू. राखेत आणि मातीत जे वाळूचे कण असतात ते तिच्याहून कितीतरी कठीण. ती राख फिरली की वळ्या झिजून सपाट होतात, आणि त्यांच्या जागी तुमच्या कुंचीच्या रेघा येतात. नाणे चकाकते खरे. पण ती चकाकी नव्या भांड्याची आहे, 1862 च्या टांकसाळीची नव्हे. तुम्ही मूळ रूप परत आणीत नाही, तुम्ही तिसरेच रूप देता.

नानाशेट : घट तरी किती येते? तोळ्यामागे गुंजभरही नाही. कंपनी सरकारच्या 1835 च्या कायद्याने रुपया 180 ग्रेनचा ठरला, म्हणजे सरळ एक तोळा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. तो आजही माझ्या काट्यावर जवळजवळ पुरा भरतो. उजळल्यावरही भरतो.

रावसाहेब : वजनाच्या दृष्टीने तुमचे म्हणणे बिनचूक आहे, आणि म्हणूनच तुमच्या काट्याला हे नुकसान कधी दिसत नाही. जुन्या सनदेवरचा फिका शिक्का कोणी खरवडून काढला, तर कागदाच्या वजनात काय फरक पडेल? पण ती सनद कचेरीत कोणी मानणार नाही. नाण्याचे जे मोल मोडीहून अधिक असते ते सगळे त्याच्या वरच्या त्वचेत असते, आणि तेवढीच त्वचा तुम्ही नेता.

येथे नानाशेट काहीसे दुखावले. राख आणि चिंच हा खेडवळ उपाय झाला, आपल्या पेढीवर तो आता कोणी करीत नाही, असे सांगून त्यांनी चांदी उजळण्याच्या तयार द्रावणाची बाजू मांडली.

नानाशेट : क्षणभर बुडवा, काढा, पाण्याने धुवा. कुंची नाही, रेघ नाही. मळ जातो, नाणे राहते.

रावसाहेब : तो मळ असता तर मी एक शब्द बोललो नसतो. हवेत गंधकयुक्त वायूचा अंश असतो. चुलीच्या धुरातून, लोकरीतून, हलक्या पुठ्ठ्यातून तो येतो आणि चांदीशी संयोग पावतो. त्यातून जो काळा पदार्थ होतो त्यात नाण्याचीच चांदी असते, बाहेरून बसलेली धूळ नसते. द्रावणात थायोयुरिया आणि आम्ल असते. ते हा थर विरघळवते, म्हणजे त्यात गुंतलेली चांदी नाण्यावरून कायमची जाते. पहिल्या बुडवणीत डोळ्यांना फारसे कळत नाही. पण पुढच्या पिढीने पुन्हा बुडवले, त्यापुढच्या मालकाने पुन्हा, की टांकसाळीच्या वळ्या खाल्ल्या जातात आणि नाणे पांढरे असूनही निस्तेज, मेलेले दिसू लागते. धुताना द्रावण कोपऱ्यात राहिले तर तेथे पिवळट डाग येतात ते निराळेच.

नानाशेट : मग गरम पाण्यात सोडा टाकून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नाणे ठेवावे. त्यात चांदी जात नाही; गंधक पत्र्याकडे जातो आणि चांदी परत मिळते. हे तर तुमच्या रसायनशास्त्रातलेच आहे.

रावसाहेब : आहे, आणि घरच्या ताटवाट्यांसाठी राखेपेक्षा तो उपाय पुष्कळ सौम्य आहे. परंतु परत आलेली चांदी जेथून उठली होती तेथे पूर्ववत बसत नाही. ती वर भुरभुरीत, मंद अशी साचते. वाटीवर ते कोणी पाहत नाही. नाण्यावर ते प्रथम पाहिले जाते.

हा काळा थर, म्हणजेच राप, चढण्याविषयी एक गोष्ट मीच मध्ये सांगतो, कारण दोघांनीही ती गृहीत धरली होती. चांदी एकदम काळी पडत नाही. थर केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही पातळ असतो तेव्हा प्रकाशकिरणांच्या परस्पर मिलाफाने आधी फिकट पिवळा, मग सोनेरी तांबूस, मग जांभळट निळा असे रंग उमटतात. थर दाट होत गेला म्हणजे शेवटी काळिमा येतो. वर्षानुवर्षे कागदात गुंडाळून लाकडी पेटीत निवांत पडून राहिलेल्या रुपयाच्या कडेला असा रंगांचा वलयाकार पट्टा ज्याने पाहिला असेल, त्याला ‘काळे पडले’ या दोन शब्दांत त्याची वासलात लावणे किती अन्यायाचे आहे हे समजावून सांगावे लागणार नाही.

नानाशेट : तुम्ही राप राप म्हणता, पण तो खरा कशावरून? गंधकाची धुरी देऊन हवा तसा रंग चढवणारे लोक मला ठाऊक आहेत. घासलेल्या नाण्यावर पुन्हा काळोखी आणून ते जुने म्हणून खपवतात. मग उजळलेले नाणे अधिक प्रामाणिक नव्हे काय?

रावसाहेब : शंका रास्त आहे. सावकाश आलेला रंग कडेकडून आत हळूहळू फिका होत जातो. घाईने दिलेला रंग ठिगळासारखा बसतो आणि त्याच्याखाली कुंचीच्या रेघा दिसतात. दर वेळी छातीठोकपणे सांगता येतेच असे नाही, हे मी मान्य करतो. पण त्या फसवणुकीला बाजारात किंमत का येते? न घासलेल्या नाण्याला मागणी आहे म्हणून. लबाड लोक ज्याची नक्कल करतात ते अस्सल नाणे नष्ट करून लबाडी थांबायची नाही.

नानाशेट : बरे, आता व्यवहाराचे बोला. माझ्याकडे येणाऱ्या शंभर रुपयांतले बहुतेक राणीछाप रुपये हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले असतात. राणीचे केस दिसत नाहीत, गाल सपाट झालेला असतो. त्यांना तुमच्या बाजारात कोण विचारतो? ते चांदीच्याच भावाने जाणार. बाईमाणसाला लक्ष्मीपूजनाच्या तबकात मांडायला चकचकीत रुपया हवा असेल, तर तिला काळा देऊन मी नाण्यांची कोणती सेवा करतो?

रावसाहेबांनी येथे थोडा वेळ घेतला, आणि मला वाटते तो घेणे योग्यच होते.

रावसाहेब : त्या रुपयाबद्दल माझे भांडण नाही. जो देवघरात राहणार, ज्याला दर वर्षी हळदकुंकू लागणार, जो विकायचा नाही आणि ज्याच्यावर वाचण्यासारखे काही उरलेले नाही, तो मऊ कपड्याने पुसून उजळ ठेवला तर मी हरकत घेणार नाही. हानी नाण्याच्या दर्जाबरोबर वाढते. झिजलेल्याला उजळून फारसे काही जात नाही. अस्पर्श राहिलेल्याला उजळून सर्वस्व जाते. संकट असे, की माणूस उजळायला जो रुपया आधी उचलतो तो बहुधा चांगल्यातलाच असतो. आणि गुळगुळीत म्हणून बाजूला टाकण्यापूर्वी एकदा भिंग लावा. 1862 साल असलेले रुपये त्या एकाच वर्षी पडले नाहीत. तेच साल ठेवून पुढे दहाहून अधिक वर्षे ते पडत राहिले, आणि मुंबईच्या टांकसाळीने निरनिराळ्या काळचे रुपये ओळखता यावेत म्हणून नक्षीत बारीक टिंबे ठेवली. संग्राहक त्या टिंबांचीच गणती करतात. टिंब ते किती मोठे! कुंचीच्या चार फेऱ्यांत ते जाते, आणि दुर्मीळ रुपया सामान्य होतो. पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयाचेही तसेच. बादशहाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, ती नाणी मागे घेऊन बहुतेक आटवली गेली, आणि 1912 पासून सोंड सुधारली. त्या रुपयाचे महत्त्व एका इवल्याशा सोंडेत आहे. ती झिजवल्यावर काय विकणार?

नानाशेट : हे यंत्राच्या नाण्याचे झाले. आमच्या चांदवडच्या टांकसाळीचा चांदोरी रुपया घ्या, पुण्याकडचा अंकुशी घ्या. ते हातोड्याचे काम; त्यांत कसल्या वळ्या आणि कसले फिरते तेज?

रावसाहेब : तेथे तर घासणे अधिकच घातक. हातोड्याच्या रुपयाचा ठसा चकतीहून मोठा असे; त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा निराळा तुकडा येतो. अंमल मराठ्यांचा, पण नाव दिल्लीच्या बादशहाचे आणि लिपी फारसी. टांकसाळ ओळखायची ती अंकुशासारख्या लहान चिन्हावरून आणि अक्षराच्या एखाद्या वळणावरून. खोलगट भागात राप आणि उंच भाग फिकट असला, तरच ती अक्षरे नीट वाचता येतात. सगळेच पांढरे केले की पार्श्वभूमी आणि अक्षर एक होते. शिवाय त्या रुपयांवर लहान लहान टोचे असतात पाहा. चांदी आतपर्यंत खरी आहे की नाही हे तपासण्यासाठी त्या काळच्या सराफांनी मारलेल्या त्या खुणा आहेत. निरनिराळ्या टांकसाळींच्या रुपयांवर किती बट्टा कापायचा हे तुमचे पूर्वज ठरवीत, आणि त्यांच्या कामाचा धातूवर राहिलेला दाखला तो टोचा. तुमच्याच पेढीने तो दाखला घासून बोथट केला, याचे मला दुःख होते.

नानाशेट काही बोलले नाहीत. रावसाहेबांनी मग ज्या गोष्टीकडे ते केव्हापासून येऊ पाहत होते ती काढली.

रावसाहेब : 1906 साली आपल्याच जिल्ह्यात, गोदावरीकाठच्या जोगलटेंभीला, रुप्याच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि भोवती ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी या तीन लिपी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. वर त्याचा चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह, आणि त्यांच्याखालून डोकावणारा नहपानाचा चेहरा. क्षहरातांचा वंश त्याने निःशेष केला, असे त्याची आई गौतमी बलश्री हिचा पांडवलेण्यांतला शिलालेख सांगतो. पण तो आईने केलेला गौरव आहे, त्याला साक्षीदार हवा. जोगलटेंभीची नाणी ती साक्ष देतात: पराभूताचे चलन विजेत्याच्या हाती आले आणि त्याने ते आपले म्हणून चालवले. आता विचार करा, की हा साठा सापडल्याबरोबर कोणी राखेने लख्ख केला असता तर काय झाले असते. वरचा ठसा राहिला असता, कारण तो खोल होता. खालचा चेहरा गेला असता, कारण दुसऱ्या ठशाच्या दाबाने तो आधीच पुसट झाला होता. चांदीचे वजन पूर्ण भरले असते, आणि इतिहासाचे अर्धे पान गेले असते.

मी स्वतः या युक्तिवादापुढे निरुत्तर झालो असतो. नानाशेट मात्र झाले नाहीत, आणि त्यांचा पुढचा आक्षेप कोणत्याही तत्त्वचर्चेपेक्षा उपयोगाचा ठरला.

नानाशेट : जमिनीतून निघालेली चांदी मी पाहिली आहे. क्षाराच्या संयोगाने तिच्यावर शिंगासारखा करडा थर येतो. आतल्या तांब्यामुळे हिरवी बुरशी फुटते. प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर हिरवट चिकट ओल येते, ती तर नाणे खात जाते. तेही तसेच ठेवायचे?

रावसाहेब : नाही. जे बाहेरून आले आहे आणि नाण्याला खात आहे ते काढलेच पाहिजे. जे नाण्याच्या स्वतःच्या धातूचे झाले आहे त्याला हात लावायचा नाही, एवढाच माझा नियम. प्लास्टिकची ओल आणि हाताचे तेल शुद्ध ॲसिटोनने जाते; त्याने चांदीला काही होत नाही. मात्र खिडक्या उघड्या ठेवाव्यात, दिवा-विस्तव जवळ नसावा, आणि भांडे काचेचे असावे. सुटी माती ऊर्ध्वपातित पाण्यात काही दिवस भिजत ठेवून आपोआप सुटू द्यावी. नंतर पुसायचे नाही; कोरडे होऊ द्यायचे, फार तर मऊ कागद टेकवून पाणी टिपायचे. शिंगासारखा थर मात्र घरी काढू नये. तो खालच्या अक्षरांसकट निघतो. ते काम वस्तुसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेचे.

नानाशेट : आणि उजळलेले नाणे तुमच्या बाजारात ओळखतात कसे? मला फसवून घ्यायचे नाही, म्हणून विचारतो.

रावसाहेब : हातांनी झिजलेल्या नाण्यात उंच भाग झिजतो आणि खालची सपाटी शाबूत असते. घासलेल्यात सपाटीवरच एका दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा दिसतात. दहापट भिंग आणि एकाच बाजूने येणारा उजेड पुरे. अमेरिकेत शेल्डन याने 1949 साली तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी 1 ते 70 अशी प्रतवारी सुचवली. पुढे तीच सर्व नाण्यांना लागू झाली. आता नाणी तपासून पेटीत मोहोरबंद करणाऱ्या संस्था आहेत. त्या घासलेल्या नाण्याला अस्सल म्हणतात, पण आकडा देत नाहीत, फक्त ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात. त्या शेऱ्यानिशी तो रुपया विकला जातो, पण त्याच दर्जाच्या, न घासलेल्या रुपयाच्या पंक्तीला पुन्हा बसत नाही.

नानाशेट : मग आज सकाळी आलेल्या मालाचे काय करावे ते सांगा. एका गावचा गृहस्थ जुन्या वाड्याची भिंत पाडताना निघालेली नाण्यांची पुरचुंडी घेऊन आला आहे. चांदोरी आहेत, काही सुरती आहेत. त्याला उजळून हवीत. पोराने थोडी द्रावणात बुडवली. बाकीची तशीच ठेवली आहेत.

रावसाहेब : बाकीची तशीच राहू द्या, एकमेकांवर घासू नयेत म्हणून एकेक कागदात गुंडाळा, आणि त्या गृहस्थाला आधी माझ्याकडे पाठवा. 1878 च्या निखात निधीच्या कायद्यात जमिनीत किंवा जमिनीला जखडलेल्या वस्तूत दडवलेले धन येते. भिंतही त्यातच आली. दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी वर्दी द्यावी लागते: काय सापडले, अंदाजे मोल किती, कोठे आणि कोणत्या तारखेला. माल सरकारी खजिन्यात ठेवावा लागतो किंवा जामीन द्यावा लागतो. ती वर्दी मी लिहून देईन.

नानाशेट : आणि बुडवलेल्यांचे?

रावसाहेब : ती निराळ्या पाकिटात ठेवा, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या द्रावणात, किती वेळ बुडवली ते पाकिटावर लिहा. वर्दीतही ते यावे. पुढे तो माल परत मिळून विक्रीस आला, तर तुमच्या पावतीवरही ‘उजळलेले’ हा शब्द यावा.

नानाशेट : पावतीवर लिहिले तर गिऱ्हाईक भाव पाडून मागेल.

रावसाहेब : मागेल. त्याचा तो हक्क आहे.

नानाशेटांनी पोराला हाक मारली, द्रावणाची बाटली आतल्या खोलीत ठेवायला सांगितली, आणि कागदाचे तुकडे फाडायला घेतले.